सुटका कोणाची, जनावराची की आपली?

पळस्पे फाटा सोडून शिरढोणवरून कर्नाळ्याच्या खिंडीकडे निघाले की पावसाळ्यात महामार्गावर बसलेली गुरे हमखास दिसतात. रान ओले, गोठ्यात चिखल आणि गोमाश्या. डांबर त्या मानाने कोरडे आणि उबदार. म्हणून मोकाट जनावर रात्री रस्त्यातच बैठक मारते. पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा हा मुंबई-गोवा महामार्ग रुंद होत गेला, तसा गाड्यांचा वेगही वाढला. अंधारात एखादा ट्रक धडक देऊन निघून जातो. सकाळी माणसे पाहतात तो बैल कडेच्या गटाराशी पडलेला. कंबर मोडलेली, मागचे पाय निर्जीव, डोळे मात्र उघडे.

पुढे काय होते, हे महामार्गाकडेच्या कोणत्याही गावाला सांगायला नको. कुणी बादलीभर पाणी आणतो, कुणी जखमेत हळद भरतो, कुणी पेंढ्याची गुंडी पुढे टाकतो. एखादा म्हणतो, "सोडवा रे याला कुणीतरी!" दुसरा म्हणतो, "अन् पाप कुणी घ्यायचं?" यावर उत्तर नसते. दोन-तीन दिवसांनी जनावर मरते, मग जेसीबी बोलावून खड्डा खणतात. पाप कुणाच्याच माथी आले नाही, असे धरून गाव कामाला लागते. खरेच तसे झाले का, हा आजचा विषय आहे.

साबरमतीचे वासरू

हाच प्रश्न १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात उभा राहिला होता. तिथले एक वासरू दुखण्याने जमिनीला खिळले होते. कूस बदलतानाही त्याला असह्य वेदना होत. उपचाराने काही होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आश्रमातल्या मंडळींशी बोलून गांधीजींनी निर्णय घेतला आणि डॉक्टरांकरवी विषाची सुई देऊन वासराला मरण दिले. त्या वेळी ते स्वतः तिथे हजर होते.

ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया' या आपल्या पत्रांतून जाहीर केली. मग रागाच्या पत्रांचा पाऊस पडला. अहिंसेचा पुजारी म्हणवता आणि वासरू मारता? त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: जीव घेणे म्हणजे प्रत्येक वेळी हिंसा नव्हे. रागाने किंवा स्वार्थाने जीवाला दुखवणे ही हिंसा. उपाय संपलेला आहे, सेवा करायलाही वाव उरलेला नाही आणि जीव नुसता तळमळतो आहे, अशा वेळी हात बांधून बसणे याला अहिंसा म्हणता येत नाही. आपल्या पोटच्या मुलाची तशी गत झाली, तर तिथेही आपण हाच विचार करू, असे सांगायलाही ते कचरले नाहीत.

वर विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे. तीन दिवस तडफडू देणे हाही एक निर्णयच आहे. फक्त तो घेणाऱ्याचे नाव कागदावर येत नाही.

गागोद्याची दुसरी बाजू

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी खिंड ओलांडून पेण तालुक्यात जावे लागेल. तिथल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. गोवंशहत्या थांबावी म्हणून १९७९ साली त्यांनी उपवास केला. १९८२ च्या जानेवारीत त्यांच्या सांगण्यावरून मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. ज्या बैलाच्या मानेवर जू ठेवून आपण पोट भरले, तो म्हातारा झाला म्हणून त्याला खाटकाच्या दारात नेऊ नये, ही त्यामागची भूमिका. गाईबरोबर बैलाचीही बाजू त्यांनी घेतली, हे शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला पवनारला त्यांनी देह ठेवला. आजारपणात अन्न आणि औषध दोन्ही नाकारून त्यांनी मरण पत्करले. पण ते त्यांनी स्वतः ठरवले होते. बैलाला असे ठरवता येत नाही. "आता बास" असेही तो म्हणू शकत नाही आणि "अजून जगायचंय" असेही म्हणू शकत नाही. मग त्याच्या वतीने बोलायचे कुणी?

माणसाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांना मरण द्यावे, अशी विनंती एका लेखिकेने केली. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क रुग्णालयातील सेवकवर्गाचा, कारण इतकी वर्षे शुश्रूषा त्यांनी केली, असे न्यायालय म्हणाले. ज्याने सेवा केली त्याचा शब्द मोठा. माणूस आणि बैल एक नव्हेत, पण ही कसोटी गोठ्यातही लागू पडावी. ज्याने वैरण घातली, खरारा केला, आजारात रात्र जागवली, त्याने "सोडवा" म्हटले तर त्या शब्दाला वजन आहे. ज्याने दूध आटल्यावर दावे सोडून जनावर रस्त्यावर हाकलले, त्याला तो शब्द उच्चारण्याचा अधिकार फार थोडा आहे.

शहाण्या माणसांनी काय म्हटले

बेंथॅम या इंग्रज विचारवंताने १७८९ मध्येच मांडले होते की, जनावराला बुद्धी आहे का, बोलता येते का, हे विचारू नका. त्याला दुखते का, एवढे विचारा. जर्मनीतला कांट जनावराला माणसाच्या पंक्तीला बसवायला तयार नव्हता, पण इमानाने राखण केलेला कुत्रा म्हातारा झाला तर धन्याने त्याला मरेपर्यंत पोसले पाहिजे, असे तोही शिकवत असे. आपल्याकडे त्याच्याही आधी नाथमहाराजांची कथा सांगितली जाते. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. गाढव उपयोगाचे होते का, हे त्यांनी पाहिले नाही.

अमेरिकेचे टॉम रेगन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात दयामरणाची कसोटी सांगितली. ती आपल्या भाषेत अशी: मरण शक्य तितके वेदनारहित हवे. ते जनावराच्याच भल्यासाठी असावे, देणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. आणि त्याचे भले मरणातच आहे हा समज खरा असावा, तपासून घेतलेला असावा. यातली एक गोष्ट जरी कमी पडली, तरी त्याला दुसरे काहीही म्हणा, दयामरण म्हणू नका.

ही कसोटी लावली की बरेच घोळ सुटतात. भाकड गाय, थकलेला बैल, एका डोळ्याने अधू झालेली म्हैस यांना वेदनेतून सुटका नको आहे, वैरण हवी आहे. तिथे सुटका आपली होते, खर्चातून. बर्ड फ्लूच्या साथीत कोंबड्या मारतात, २००६ साली नवापूरला लाखोंनी मारल्या, तेही दयामरण नव्हे. ती साथ रोखण्यासाठी केलेली कत्तल. ती गरजेची असेल, पण तिला दयेचे नाव देऊ नये. कंबर मोडलेला, उठण्याची आशा नसलेला बैल मात्र खरोखर या कसोटीला उतरतो.

शेतकऱ्याची अडचण

इथे शेतकऱ्यावरही अन्याय व्हायला नको. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. कायद्याचा हेतू चांगला धरला, तरी जनावराच्या म्हातारपणाचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न गोठ्यातच राहिला. नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली, गुरचरणीच्या जागा कमी झाल्या, पेंढ्याचा भाव वाढला. दोन एकर भात लावणाऱ्याने न कमावणारी दोन जनावरे दहा वर्षे पोसायची कशी? जनावर मोकाट सुटते ते बहुधा इथूनच. कर्तव्य साऱ्या समाजाचे असेल तर त्याचा भारही साऱ्या समाजाने उचलावा. नुसता उपदेश शेतकऱ्याच्या वाट्याला नको.

कायद्याची वाट

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. उपासमार होईल अशा रीतीने जनावर वाऱ्यावर सोडून देणे हा त्यातल्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. गंभीर जखमी जनावरासाठी १३ वे कलम आहे. हलवणेही क्रूरपणाचे ठरेल असे जनावर आढळले आणि मालक हजर नसेल किंवा संमती देत नसेल, तर हवालदार किंवा त्यावरचा पोलीस त्या भागाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावू शकतो. जिवंत ठेवणे हीच क्रूरता आहे, असा दाखला अधिकाऱ्याने दिला, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्याला मरण देता येते. मालक हजर आणि राजी असला, तरी गोवंशाच्या बाबतीत डॉक्टरांच्या लेखी अभिप्रायाशिवाय काहीही करू नये. कीटकनाशक पाजणे, डोक्यात घाव घालणे हे तर कधीच नाही. ते दयेच्या नावाखाली केले तरी क्रौर्यच.

डॉक्टर आधी गुंगी देतात आणि मग भुलीच्या औषधाचा जादा डोस देऊन हृदय थांबवतात. ते औषध मृतदेहात राहते. म्हणून असे जनावर उघड्यावर टाकू नये, खोल पुरावे. कर्नाळा हे १९६८ पासूनचे पक्षी अभयारण्य, आणि आपल्याच जिल्ह्यात म्हसळ्याकडे चिरगावला गिधाडे जपण्याचे काम झाले आहे. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली गुरे खाऊन देशभर गिधाडे संपत आली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. एका जीवाची सुटका दुसऱ्याच्या मुळावर येऊ नये.

गावाने काय करावे

हे सगळे त्या सकाळी, गर्दीत ठरवता येत नाही. आधीच ठरवून ठेवावे लागते. ग्रामसभेत एक ठराव करावा. पोलीस पाटील, ग्रामसेवक, पशुवैद्यकीय दवाखाना यांचे फोन आणि फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा क्रमांक पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. जखमी जनावराची खबर कुणी द्यायची, डॉक्टर येईपर्यंत जवळ कुणी थांबायचे, सावली आणि पाण्याची सोय कुणी करायची, खड्ड्याचा खर्च कुठून द्यायचा, हे नावानिशी ठरावे. जनावरांच्या कानात बिल्ले मारून घ्यावेत, म्हणजे मालक सापडतो. बंद पडलेला कोंडवाडा उघडावा आणि पावसाळ्याचे चार महिने तरी मोकाट गुरे रात्री तिथे बांधावीत. शंभर घरांनी सुगीला चार-चार गुंड्या पेंढा दिला, तर गावातल्या भाकड गुरांची बरीच बेगमी होते. हे केले तर सोडवण्याची पाळीच कमी वेळा येईल.

तरीही ती पाळी आलीच, तर दोन प्रश्न उघड विचारावेत. हे जनावर बरे होण्याची आशा आहे का, हे डॉक्टरांना. आणि या मरणाने सुटका कुणाची होणार, हे स्वतःला. पहिल्याचे उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचे उत्तर "फक्त त्याची" असे आले, तर पंचनाम्यावर सही करताना हात थरथरू देऊ नये. दुसऱ्याच्या उत्तरात आपला खर्च, आपला कंटाळा, आपली सोय डोकावत असेल, तर सही थांबवावी आणि वैरण आणावी.