लांडोर बंगल्याला जाताना मुक्काम कुठे?

३१ जुलै जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या आपल्या घराघरांत लळिंगचे बेत सुरू होतात. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब याच डोंगरातील लांडोर बंगल्यात उतरले होते.

दिवस पावसाचे, सोबत लेकरेबाळे. तेव्हा डोंगरावर रात्रीच्या मुक्कामाचा भरवसा धरू नये. आदल्या रात्री धुळ्यात नातेवाइकांकडे किंवा साध्या लॉजवर उतरावे, पहाटे भाकरी बांधून निघावे.

लॉजच्या रजिस्टरात आपले नाव-आडनाव ठळक लिहावे. १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत बाबासाहेबांना पारशी नावाने राहावे लागले; अकराव्या दिवशी लाठीवाल्यांनी तिथूनही घालवले. पुढे संविधानाच्या कलम १५ ने हॉटेलात जातीवरून अडवण्यास मनाई केली. मग आपण नाव का लपवावे?