सडलेल्या संत्र्यावर जिवाणूंचा उतारा नाही

‘क्रेटमधल्या दोन-चार संत्र्यांवर हिरवी भुकटी दिसली, तर जिवाणूंचं द्रावण फवारा, बुरशी मरते.’ हा सल्ला पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे.

हिरवी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम, धडधाकट सालीतून आत शिरत नाही. तिला जखम लागते: देठ ओढून तोडताना फाटलेली साल, नखाचा ओरखडा, क्रेटची कड लागून झालेली खरचटण. सालीतल्या तेलग्रंथी फुटल्या की त्यातली सुगंधी द्रव्यं उलट तिच्या बीजाणूंना रुजायला मदतच करतात. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण ४८ तासांत लागण पक्की होते. मग तिथली साल मऊ, पाणचट होते, तिच्यावर पांढरा थर चढतो आणि सर्वांत शेवटी दिसते ती हिरवी भुकटी. तोवर बुरशी आत पसरलेली असते. अशा फळावर द्रावण ओतून काय साधणार?

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं या जिवाणूंचं काम आहे. ते जखमेत आधी पोचले, तर तिथली जागा आणि साखर बळकावतात. बीजाणूला रुजायला काही उरत नाही. काही वाण बुरशीरोधक द्रव्यंही बनवतात. उशीर झाला की यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

ही पद्धत कागदावरची नाही. स्युडोमोनास सिरिंजी जिवाणूच्या निवडक वाणांना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९९५ मध्ये काढणीनंतरच्या वापरासाठी मान्यता दिली. ‘बायो-सेव्ह’ हे उत्पादन याच वाणांचं. स्पेनमधल्या येइदाच्या संशोधकांनी पँटोआ अॅग्लोमेरान्सला खायच्या सोड्याची जोड दिली, तेव्हा संत्र्यांवरचा परिणाम वाढला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘जिवाणू लावले तर फळ सडणारच.’ आंबट फळांची काढणीनंतरची सड मुख्यतः बुरशीमुळे होते.

‘ट्रायकोडर्मा हाही जिवाणूच.’ ती बुरशी आहे आणि बागेत प्रामुख्यानं मातीतल्या रोगांसाठी वापरतात.

‘शीतगृहात ठेवलं की काळजी मिटली.’ थंडीत सड मंदावते, थांबत नाही. निळी बुरशी तर गारव्यातही वाढते.

‘जिवाणू आले, आता रसायनं नकोत.’ एकटे जिवाणू दरवेळी रसायनाइतका भरवसा देत नाहीत. पण इमॅझॅलिल आणि थायाबेंडाझोल या बुरशीनाशकांना दाद न देणारे बुरशीचे वाण तयार झाले आहेत, म्हणूनच या पर्यायाची गरज आहे.

नागपुरी संत्र्याची साल सैल आणि नाजूक असते. त्यामुळे देठ कैचीनं कापणं, फळ न आपटणं आणि जिवाणूंची प्रक्रिया तोडणीच्याच दिवशी उरकणं, या तीन गोष्टी सांभाळल्या तरच द्रावणावरचा खर्च सार्थकी लागतो.