सारंगखेडा घोडेबाजार
सारंगखेडा घोडेबाजार हा खानदेशात तापीकाठी, नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा बाजार आहे. १ जुलै १९९८ पूर्वी हे गाव धुळे जिल्ह्यात होते. घोडे घेऊन आलेले मालक व मोतद्दार जनावरांशेजारीच तंबूंत मुक्काम करतात. चंदी, खरारा, फेरी सारे तिथेच होते. किंमत ठरते ती रंग, उंची, रेवाल चाल आणि अंगावरील भोवऱ्यांवरून. गळ्यावरील ‘देवमण’ शुभ मानतात; घोड्याच्या कुवतीशी मात्र त्याचा संबंध नाही. दाटीच्या मुक्कामात खरा धोका ग्लँडर्सचा असतो. हा जिवाणूजन्य रोग सामाईक हौदातील पाण्यातूनही पसरतो, माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. बाधित घोडा कायद्यानुसार मारावा लागतो. म्हणून रक्ततपासणीचा दाखला व प्रत्येक घोड्यासाठी वेगळी बादली आवश्यक ठरते.