लिटरची गाडी आणि आमचे रस्ते

२०११ साली कावासाकीची निन्जा ६५०आर भारतात आली आणि चाकणला बजाजच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली, तेव्हा आमच्या कंपूत तिला सगळे ‘मोठी गाडी’ म्हणायचे. आम्ही तोवर करिझ्मावर लांबचे पल्ले मारत होतो. २२३ सीसी, सतरा बीएचपी, मागे दोरीने बांधलेली सॅक, आणि एवढ्यावर गोवा, हंपी, एकदा तर थेट उदयपूर. त्या मानाने साडेसहाशे म्हणजे कळसच. पण तीनच वर्षांत तीच गाडी आम्हाला ‘मधली’ वाटू लागली. खरी टूरिंगची गाडी म्हणजे लिटरची (हजार सीसीच्या आसपासची), चार सिलिंडरची, असं आम्ही एकमेकांना इतक्यांदा सांगितलं की ते खरंच वाटायला लागलं.

२०१४ च्या दिवाळीत मी हजार सीसीच्या वरची जपानी गाडी घेतली. नऊ वर्षं चालवली. आता माझ्याकडे दोन सिलिंडरची साडेसहाशे आहे, आणि मधल्या वर्षांत काय काय उमगत गेलं ते मांडावंसं वाटतं.

लिटरच्या गाडीने दिलेलं सुख आधी सांगतो, कारण ते खरं होतं. पुणे ते बेंगळुरू, सुमारे ८४० किलोमीटर, पहाटे निघून संध्याकाळी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही. कंटेनरच्या मागे सहाव्या गिअरमध्ये असताना गिअर न पाडता नुसती मूठ पिळली की गाडी पुढे. मागे बायको आणि दोन्ही बाजूंना भरलेले पॅनियर असले, तरी इंजिनाला त्याचं काहीच नाही. चित्रदुर्गजवळ पवनचक्क्यांच्या पट्ट्यात आडवा वारा सुटतो, तिथे करिझ्मा अक्षरशः लेन सोडायची. ही गाडी ढिम्म राहायची. ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये जितका कमी वेळ राहाल तितकं चांगलं, ही गोष्ट दोघं बसलेले असताना फार मोठी असते.

पण हे सगळं सरळ, रुंद रस्त्यावरचं सुख. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, तिथेही बंदीच. राज्यातले जे दोन रस्ते या गाडीच्या पल्ल्याला आणि वेगाला शोभले असते, तिथेच तिला मज्जाव. मग उरले घाट, गावं, आणि गतिरोधकांनी भरलेले राज्यमार्ग.

माझ्या गाडीची स्पोर्ट टूरिंग ही जात जन्मली ती वेगळ्याच रस्त्यांसाठी. १९७६ ची बीएमडब्ल्यू आर१००आरएस घ्या. तिचं फेअरिंग वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलं होतं, कारण जर्मनीच्या ऑटोबानवर तासन् तास वाऱ्याशी झुंजायचं होतं. १९९० च्या होंडाच्या एसटी११०० चं युरोपातलं नावच ‘पॅन युरोपियन’. चेनऐवजी शाफ्ट, तीनशे किलोच्या आसपास वजन, न थांबता देश ओलांडायचे. २००१ मध्ये यामाहाची एफजेआर१३०० आली, मग कावासाकीची १४००जीटीआर. देखण्या, दणकट गाड्या. त्या रस्त्यांवर वजन म्हणजे स्थैर्य. आपल्याकडे तेच वजन दर सिग्नलला, दर वळणाला पायावर पेलावं लागतं.

हे मला कळलं दाभोळच्या फेरीबोटीवर. दापोलीहून गुहागरकडे निघालो होतो. ओहोटी होती, त्यामुळे धक्क्यापासून बोटीचा रॅम्प चांगलाच खाली उतरत होता, आणि धक्क्याच्या कडेला शेवाळ. बायकोला उतरवलं, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू खाली आलो. आत गाडी फिरवून कठड्याला लावायची होती. लोखंडी पत्र्यावर डिझेल आणि खारं पाणी सांडलेलं. डावा पाय टेकवला, तो सरकला, आणि गाडी एका ठरावीक कोनापलीकडे गेली. त्या कोनाच्या अलीकडे गाडी बोटांवर तोलते. पलीकडे गेली की पॅनियरसकट अडीचशे किलो कुणालाच आवरत नाहीत. सगळी ताकद लावून ती निदान सावकाश आडवी केली. उचलायला बोटीवरची दोन पोरं आणि एक प्रवासी धावले. “दादा, एवढी जड कशाला घेतलीत?” त्यातल्या एकाने विचारलं, अगदी काळजीने. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच बोटीवर एक काका स्प्लेंडरला माशांची पाटी बांधून आले, एका हाताने गाडी वळवली आणि बिडी पेटवली.

त्या दिवसानंतर ही गाडी आपल्या रस्त्यांसाठी नसल्याच्या खुणा मी बघायला लागलो. महामार्गावर दुचाकीला टोल नाही, पण डावीकडच्या चिंचोळ्या, खडी पसरलेल्या गल्लीतून निघावं लागतं. पॅनियर तिथे हमखास घासायचे. मे महिन्यात कात्रजच्या कोंडीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की मांड्या भाजायच्या. आंबेनळी घाटात पोलादपूरकडे उतरताना मित्राची साडेसहाशे प्रत्येक वळणावर माझ्या पुढे जायची आणि तो वेगात नसायचा, निवांत असायचा. सगळ्यात वाईट म्हणजे, पुढे रस्ता खराब आहे असं कळलं की मी बेत बदलायला लागलो. अनुस्कुरा घाट दोन वर्षं त्यामुळेच राहिला.

दरम्यान मधल्या गाड्या खूप पुढे गेल्या होत्या. २०११ मध्ये एबीएस मोजक्याच गाड्यांवर मिळायचं. डिसेंबर २०१६ मध्ये डॉमिनार ४०० आली ती स्लिपर क्लच आणि दोन्ही चाकांच्या एबीएसचा पर्याय घेऊन. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंटरसेप्टर ६५० अडीच लाखांच्या आसपास आली आणि दोन सिलिंडरची नितळ चाल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. युरोपातही वारं फिरलंच: २०१५ ची यामाहा एमटी-०९ ट्रेसर, तीन सिलिंडरची, जुन्या एफजेआरपेक्षा कितीतरी हलकी. पुढे एफजेआर तिथे बंद झाली, ट्रेसरचा वंश चालू आहे.

सरकारला मात्र हा मधला वर्ग दिसत नाही, आणि त्याचा मला राग येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यावर थेट ४०. चारशे सीसीवर लडाखचं स्वप्न बघणारा पोरगा आणि लिटरची गाडी घेणारा उद्योजक एकाच रांगेत. घाटात सुरक्षित ओव्हरटेक करण्याइतकं बळ ही चैन कशी?

साडेसहाशेची चैन करणं मला नशिबाने जमलं. २०२३ मध्ये लिटरची विकली तेव्हा गळा दाटून आला होता, ते नाकारत नाही. बेंगळुरूला आता हुबळीत मुक्काम करून जातो. दोघं असलो की ओव्हरटेकला एक गिअर पाडावा लागतो, कधी दोन, आणि कधी कंटेनरमागे थांबावंही लागतं. पण गेल्या पावसाळ्यात अनुस्कुरा झाला. घाटमाथ्यावर धुक्यात थांबलो, चहा घेतला, गाडी उतारावर तोंड करून उभी होती. मी ती एकट्याने, बसल्या बसल्या, पायांनी मागे रेटून वळवली. बायकोचं म्हणणं एवढंच, की जुन्या गाडीची सीट रुंद होती. ते खरंच आहे. नवी सीट शिवायला टाकली आहे.