बाटलीचे रबरबँड



होमिओपॅथीच्या दवाखान्यात बाटल्या सारख्या आणि गोळ्याही सगळ्या पांढऱ्या. शहापुरातल्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका अंध काकांना मी सकाळच्या बाटलीला एक आणि रात्रीच्या बाटलीला दोन रबरबँड लावून देतो. बोटाने चाचपले की कळते. कोणाला विचारावे लागत नाही.

काकांना मधुमेह आहे. मुलाने त्यांच्या फोनवर साखरेची नोंद ठेवणारे अॅप घालून दिले. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ ही सोय असते. बोट टेकेल तिथला मजकूर ती वाचून दाखवते, मराठीतसुद्धा. मात्र चित्राच्या बटणाला अॅप बनवणाऱ्याने शब्दांत नाव दिलेले असेल, तरच ती ते नाव वाचणार. इथे नावेच नव्हती. काकांना ऐकू येई नुसते ‘बटण, बटण’. साखर वाढल्याची खूणही फक्त लाल रंगाची. शेवटी सूनबाई आकडे भरू लागल्या. काका म्हणाले, “डॉक्टर, माझी साखर आधी घराला कळते, मग मला.” पुढे पुढे ते साखर तपासायलाच टाळू लागले.

हा दोष डोळ्यांचा नव्हे, रचनेचा. उपाय अवघड नाहीत. प्रत्येक बटणाला नाव हवे. रंगाच्या जोडीला शब्द हवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचा फरक किमान ४.५ ला १ असावा, असे वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. हात थरथरणाऱ्यासाठी बटण सुमारे ९ मिलिमीटरचे असावे. कर्णबधिरासाठी गोळीची आठवण घंटीबरोबर कंपनानेही व्हावी. समजायला वेळ लागणाऱ्याला एका वेळी एकच प्रश्न, साध्या भाषेत विचारावा. आणि हे सारे अॅप तयार झाल्यावर ठिगळासारखे जोडू नये. पहिल्या आराखड्यापासून अपंग व्यक्तींनाच सोबत बसवून तपासावे.

यात उपकार कसला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे नोंदली आहेत, आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे ही जबाबदारी त्याने सरकारवर टाकली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला.

काकांच्या मुलाने शोधून दुसरे अॅप घातले. त्यात बटणे नावे सांगतात. गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. स्वतः भरलेला पहिला आकडा त्यांनी मला सांगितला : २१८. साखर वाढलेलीच होती. पण ती त्यांना आधी कळली होती, घराला नंतर.