वाचनीयतेच्या गुणामागे काय असते?

लेखन तपासणाऱ्या ऑनलाइन साधनात इंग्रजी मजकूर टाकला की क्षणात गुण हाती येतो. अनेक साधनांत तो रुडॉल्फ फ्लेश यांच्या 1948 च्या सूत्रावर बेतलेला असतो. वाक्यातल्या सरासरी शब्दसंख्येची 1.015 पट आणि शब्दातल्या सरासरी उच्चारी अक्षरसंख्येची (सिलेबलच्या संख्येची) 84.6 पट 206.835 मधून वजा करायची. उत्तर शंभराच्या जितके जवळ, तितका मजकूर सोपा. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. शाळकरी मुलांच्या आकलनचाचणीतल्या उताऱ्यांशी ताडून ते ठरवले गेले. पुढे 1975 मध्ये अमेरिकी नौदलासाठी याच सूत्राचे असे रूप तयार झाले, की उत्तर शाळेच्या इयत्तेत मिळावे. सूत्राला आधार आहे, पण तो सहसंबंधाचा. अवघड मजकुरात वाक्ये बहुधा लांब असतात, एवढेच त्यातून कळते. वाक्य तोडले की ते सोपे होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. साधने मात्र सल्ला नेमका तोच देतात.

‘पाऊस लांबला, म्हणून पेरण्या खोळंबल्या’ या वाक्यातला ‘म्हणून’ काढून दोन वाक्ये केली, तर सरासरी पाचावरून दोनावर येते. वाक्याच्या लांबीपुरता गुण वाढतो आणि कार्यकारणाचा दुवा शोधायचे काम वाचकावर पडते. अ‍ॅलिस डेव्हिसन आणि रॉबर्ट कँटर यांनी 1982 मध्ये मूळ लेख आणि त्यांची सोपी केलेली रूपे शेजारी ठेवून हाच दोष दाखवला होता. खरे तर या पाच शब्दांचा क्रम वाटेल तसा उलटापालटा केला, तरी सूत्राचे उत्तर तसूभरही बदलणार नाही.

यावर कोणी म्हणेल, लांब वाक्याने दमछाक होते हा तर सगळ्यांचाच अनुभव आहे. तो खराच आहे. पण दमवते ती नुसती लांबी नव्हे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते. सरकारी परिपत्रकात कर्ता पहिल्या ओळीत असतो आणि ‘येत आहे’ पाचव्या ओळीत. तोवर मधला सगळा ऐवज वाचकाला स्मरणात धरून ठेवावा लागतो. कर्ता-क्रियापदातले हे अंतर कमी केले, तर लांब वाक्यही सहज उलगडते. शिवाय मराठी प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘दुकानदारांकडूनसुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे इंग्रजीसाठी बेतलेली ती 84.6 पट इथे लावण्यात अर्थच नाही.

म्हणून साधने टाकून द्यावीत असे मात्र नाही. आपल्याला काय म्हणायचे होते ते लेखकाला ठाऊक असते, त्यामुळे कागदावर जे नाही तेही तो वाचतो. यंत्राला ते ठाऊक नसते. चार ओळींत तीनदा आलेला ‘महत्त्वपूर्ण’, एकापाठोपाठ ‘आहे’वर संपणारी वाक्ये, चाळीस शब्दांचे वाक्य, हे सगळे ते मोजून समोर ठेवते. या मोजणीला भाषेचे बंधन नाही. खूण झालेल्या वाक्यापाशी थांबून आधी कर्ता आणि क्रियापद शोधावे, मग वाक्य तोडायचे की ठेवायचे ते ठरवावे. तोडलेच, तर ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘कारण’ यांपैकी काही गळाले नाही ना, ते पाहावे.