शर्यतीत उतरायचंय? आधी शरीराला विचारा

सकाळी साडेसहाला अष्टमीच्या पुलावर उभं राहिलं तर सायकली मोजता येत नाहीत. कुणी धाटावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेला असतो, कुणी पाव वाटायला, कुणी बिगारी कामावर. यांना कुणी सायकलपटू म्हणत नाही. सायकल त्यांचं वाहन आहे, हौस नाही.

त्यांच्यातलाच एक बावीस वर्षांचा मुलगा. कंत्राटी कामगार, अंगाने काटक. रोज जाऊन-येऊन वीस किलोमीटर सायकल मारायची सवय. मागच्या मार्चमध्ये त्याने जिल्ह्याबाहेरच्या एका पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. खुला गट होता. खुला म्हणजे कुणीही यावं. तिथे गेल्यावर त्याला कळलं की त्याच रांगेत वर्षानुवर्षं शर्यती मारणारी, प्रशिक्षक असलेली, हलक्या किमती सायकलींवरची मुलं उभी आहेत. हा आपल्या रोजच्या सायकलवर, चपला काढून मित्राचे बूट घालून.

पहिले आठ-दहा किलोमीटर तो त्यांच्या मागे चिकटून राहिला. मग ते सुटले. तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले, ओकारी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. जवळची पाण्याची बाटली केव्हाच संपली होती आणि वाटेत पाण्याचं टेबल एकच होतं. एका दुचाकीवाल्याने त्याला आणून सोडलं. संध्याकाळी त्याची आई आम्हाला बोलवायला आली, "सिस्टर, पोरगा पाणीसुद्धा पोटात ठेवत नाही."

मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने देत आम्ही दोन तास बसलो. लघवी झाली तेव्हा जिवात जीव आला. पण त्याचं एक वाक्य आम्हाला लागलं. तो म्हणाला, "ताई, ते आपलं काम नाही. त्यांचं रक्तच वेगळं असतं."

रक्त वेगळं नसतं. काय वेगळं असतं, ते आज सांगतो.

त्याच्या शरीरात काय झालं?

घोळक्यात सायकल चालवली की पुढचा माणूस वारा अंगावर घेतो. मागच्याला साधारण पाव ते एक तृतीयांश कमी जोर लागतो. कसलेले गडी हे आळीपाळीने करतात. आपला मुलगा घोळक्यात होता तोवर टिकला. सुटल्यावर तोच वारा त्याने एकट्याने खाल्ला, आणि वेग मात्र कमी केला नाही.

दुसरी गोष्ट इंधनाची. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. जोरात पळवलं तर तो दीड-दोन तासांत संपतो. मुलगा पहाटे फक्त चहा-बिस्किटावर निघाला होता, त्यामुळे त्याच्या यकृतातला साठा आधीच कमी झालेला होता. तिसरी गोष्ट पाणी आणि मीठ. घामातून दोन्ही जातात. ते भरून काढलं नाही तर रक्त घट्ट होतं, नाडी धावते, गोळे येतात.

कसलेल्या खेळाडूचं हृदय वर्षानुवर्षांच्या सरावाने एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं. म्हणून बसल्याजागी त्याची नाडी चाळीस-पन्नासच असते. आठवड्याला वीस-पंचवीस तास तो सायकलवर असतो, आणि उरलेल्या वेळात खातो, झोपतो. आपला मुलगा उरलेल्या वेळात पोती उचलतो. फरक इथे आहे.

दोन डॉक्टर आणि जगातली सर्वात अवघड शर्यत

'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीत २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत जायचं होतं. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. एकदा घड्याळ सुरू झालं की ते थांबत नाही. झोपा, जेवा, आजारी पडा, वेळ धरली जाते. सुरुवातीला वाळवंटाची भट्टी, मग तीन हजार मीटरांहून उंच घाट, मग कान्सासच्या माळावरचा वारा आणि थकून गेल्यावर शेवटी पुन्हा डोंगर. एकट्याने उतरणाऱ्या तरुण पुरुषाला बारा दिवसांची मुदत असते. त्यापुढे पोचलात तर तुमचं पोचणं धरत नाहीत.

२०१७ साली दोन भारतीयांनी ही शर्यत पहिल्यांदा एकट्याने पुरी केली. लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोचले. त्यांच्यामागून काही तासांनी आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पोचले. म्हणजे मुदत संपायला तीन तासही उरले नव्हते. दोघेही डॉक्टरी शिकलेले. सायकलवर पोट भरणारे नव्हेत.

त्याच वर्षी जिंकला ऑस्ट्रियाचा क्रिस्टोफ स्ट्रासर, साधारण ८ दिवस १६ तासांत. ही शर्यत त्याने अनेकदा जिंकली आहे, आणि २०१४ मध्ये तर तो आठ दिवसांच्या आत पोचला होता. म्हणजे नागपूरचे डॉक्टर त्याच्या मागे तीन दिवसांहून जास्त होते. पण हिशेब करून बघा. झोप आणि थांबे सगळं धरून स्ट्रासरचा सरासरी वेग ताशी सुमारे २३ किलोमीटर पडतो. समर्थांचा ताशी सुमारे १७. ताशी १७ ने तर आपला धाटावला जाणारा कामगारही सायकल मारतो! कठीण काय आहे, तर तो वेग दिवस-रात्र बारा दिवस टिकवणं.

इथेच आम्हाला धडा दिसतो. समर्थ स्ट्रासरच्या मागे लागले असते तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपले असते. हौशी माणूस कसलेल्यांच्या रांगेत उभा राहिला, तरी त्याची शर्यत त्यांच्याशी नसते. ती मुदतीशी असते. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची सैबेरिया ओलांडणारी शर्यतही पुरी केली.

अशा शर्यतीत शरीराचं काय होतं?

आधी झोप. अशा शर्यतीत दिवसाला दोन-तीन तासांहून जास्त झोप परवडत नाही. आम्ही वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आहेत. पहाटे तीन ते पाच या वेळात हात काम करतो आणि डोकं दुसरीकडेच असतं, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. अशा रात्री सलग झाल्या की नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. सायकलस्वारांनाही भास होतात.

मग मान. दिवसचे दिवस वाकून पुढे बघत राहिल्याने मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर राहत नाही. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर याला हा त्रास झाला, म्हणून त्याला 'शर्मरची मान' असंच नाव पडलं. बैठकीच्या जागी घासून जखमा होतात. हँडलवर भार देऊन करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं.

हे दुखणं मोठ्या शर्यतींतच होतं असं नाही. जुन्या, बेमापी सायकलवर रोज कामाला जाणाऱ्या आपल्या माणसांच्या बोटांना मुंग्या येतात, कंबर धरते, मांड्या सोलतात. फरक इतकाच की त्यांच्या मागे मोटारीत बसलेलं मदतपथक नसतं.

एकाने दमायचं, एकाने विसावायचं

समर्थांच्या दोन वर्षं आधी, २०१५ मध्ये, नाशिकचे महेंद्र आणि हितेंद्र महाजन हे सख्खे भाऊ दोघांच्या गटात उतरले. एक दातांचे डॉक्टर, दुसरे भूल देणारे डॉक्टर. एक सायकल चालवणार, तेवढ्यात दुसरा मोटारीत खाणार, झोपणार. मग अदलाबदल. दोघांच्या गटाला मुदत नऊ दिवसांची. हे भाऊ ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पोचले. ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय.

आता हा आकडा स्ट्रासरच्या २०१७ च्या वेळेशेजारी ठेवा. वर्ष वेगळं, हवा वेगळी, हे मान्य. तरी दोन हौशी भावांनी ओझं वाटून घेतलं आणि जगातला सर्वात कसलेला गडी एकट्याने जे करतो, जवळजवळ तेवढ्याच वेळात केलं. वस्तीतल्या पोरांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. एकट्याने शर्यतीला जाऊ नका. तिघे-चौघे मिळून सराव करा, एकाने पाणी सांभाळा, एकाने वेळ बघा.

शर्यतीआधी एवढं करा

१. सरकारी दवाखान्यात रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तर आधी ते भरून काढा. चाळिशीपुढच्यांनी आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

२. सिकलसेलची तपासणी करा. विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार आढळतो आणि तिकडून आलेली, तिकडे सोयरिकी असलेली घरं सगळीकडे आहेत. ज्याला आजार नाही, फक्त वाहक आहे, त्यालाही उन्हात पाण्याविना अतिश्रम केले तर जिवाचा धोका असतो. वाहक असणं म्हणजे खेळ बंद असं नाही. हळूहळू सराव, पाणी आणि विश्रांती पाळावीच लागते, एवढंच.

३. बैठक मापाने लावा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे, आणि कंबर डुलता कामा नये. हे पान्याने पाच मिनिटांत होतं आणि गुडघे वाचतात.

४. सराव थोडा थोडा वाढवा. या आठवड्यात शंभर किलोमीटर झाले तर पुढच्या आठवड्यात एकशेदहा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती. रात्रपाळी करून आलात तर त्या दिवशी सराव नाही, झोप.

५. शर्यतीच्या तीन तास आधी भाकरी किंवा भात खा. तासाभराहून लांब शर्यत असेल तर वाटेत तासाला दोन केळी किंवा तेवढी चिक्की, खजूर. विकतची पावडर लागत नाही.

६. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ जास्त करू नका. ओआरएसची पुडी आशाताईंकडे फुकट मिळते. नुसतं साधं पाणी घटाघटा खूप पिणंही चांगलं नाही, त्याने रक्तातलं मीठ उतरतं.

हे दिसलं तर शर्यत सोडा

छातीत दुखणं, चक्कर, वेड्यासारखं बडबडणं, अंग तापून लाल होणं, लघवी कोका-कोलासारखी काळपट होणं. यातलं काहीही झालं तर खाली उतरा. माणूस बडबडत असेल आणि अंग भट्टीसारखं तापलं असेल तर तो उष्माघात आहे. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि शर्यत भरवणाऱ्यांनाही आमचं सांगणं आहे. प्रवेश फी घेता, तर दर दहा किलोमीटरला पाणी ठेवा, शेवटच्या गड्यामागे रुग्णवाहिका ठेवा. साध्या सायकलींचा गट वेगळा करा. 'खुला गट' म्हणायचं आणि गरिबाच्या पोराला अर्ध्या वाटेत उन्हात सोडायचं, याला खुलेपणा म्हणत नाहीत.

तो मुलगा महिनाभर सायकलीबद्दल बोलला नाही. मग एका रविवारी आम्ही त्याला समर्थांची आणि महाजन बंधूंची हकिगत सांगितली, आकडे कागदावर मांडून दाखवले. तो ताशी सतराचा हिशेब त्याने स्वतः दोनदा केला. तपासणीत हिमोग्लोबिन साडेदहा निघालं, म्हणजे शर्यतीच्या दिवशीही तो बहुधा कमी रक्तावर धावला होता. गोळ्या सुरू झाल्या, जेवणात पालेभाजी, अंडं आणि सुकट वाढली.

आता पावसाळा सरला की तो आणि त्याचे दोन मित्र रविवारी पहाटे कोलाडपर्यंत जाऊन येणार आहेत. पुन्हा नाव कधी देणार, ते त्याने ठरवलेलं नाही. आम्हीही विचारत नाही. त्याची आई मात्र आम्हाला विचारते, "सिस्टर, साखर किती चमचे म्हणालात?"

सहा. सपाट.